पाटी बदलली, पेटीतला कागद तोच



दर रविवारी सकाळी वंदना झाली की विहाराच्या ओट्यावर आम्ही तासभर बसतो. कोणाचा अर्ज लिहून द्यायचा असतो, कोणाच्या पेन्शनचा हिशेब तपासायचा असतो, कोणाला कचेरीतून आलेले पत्र समजावून सांगायचे असते. आयुष्य कारकुनीत गेलेल्या माणसाला समाजाच्या कामी येण्याजोगे एवढेच येते. गेल्या हंगामात, कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवसांत, हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावातून एक म्हातारी मावशी नातीला घेऊन आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत वर्तमानपत्राची घडी आणि घडीत एक पिवळा पडलेला कागद. त्यांच्या मालकाचा शाळा सोडल्याचा दाखला.

मावशी म्हणाल्या, "भाऊ, तीन वेळा जाऊन आलो. खिडकीवरचा बाबू म्हनते, हा कागद दुसऱ्या राज्याचा हाये. मंग आमी कुठचे जी? माहा नवरा तं जलमभर या वर्धा जिल्ह्याच्या बाहेर गेला नाही."

आम्ही कागद उजेडात धरला. जनपद सभेची प्राथमिक शाळा. दाखल तारीख १९४९ ची. जातीच्या रकान्यात जात स्पष्ट लिहिलेली. आणि वर छापील अक्षरात जिल्हा वर्धा, मध्यप्रदेश.

नात नर्सिंगच्या प्रवेशासाठी धडपडत होती. गुण चांगले होते. अडले होते ते जातीच्या दाखल्यापाशी, आणि शेवटची तारीख आठवड्यावर आलेली. कागद खरा, माणसे खरी, गाव जागच्या जागी. मग चुकले कोणाचे? चुकले कोणाचेच नव्हते. सत्तर वर्षांपूर्वी एक राज्य एका राज्यातून निघून दुसऱ्या राज्यात गेले होते, आणि त्याचा हिशेब आज एका मजुराच्या नातीच्या दारात येऊन उभा राहिला होता. तोच हिशेब या वेळी वाचकांपुढे मांडायचा आहे.

घर एक, राज्ये चार

आपल्या जिल्ह्यात १९४९ साली जन्मलेला कोणीही माणूस घ्या. तो जन्मला तेव्हा आपण मध्यप्रांत व वऱ्हाडात होतो. जुनी माणसे त्याला सी. पी. अँड बेरार म्हणत. २६ जानेवारी १९५० ला त्याचेच नाव मध्यप्रदेश झाले आणि नागपूर त्याची राजधानी राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला आठ मराठी जिल्हे, म्हणजे नागपूर, वर्धा, चांदा, भंडारा, अमरावती, अकोला, बुलडाणा आणि यवतमाळ, मध्यप्रदेशातून निघाले आणि द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. म्हणजे त्या माणसाने आपल्या झोपडीचा उंबरठा न ओलांडता अकरा-बारा वर्षांत चार राज्यांच्या पाट्या पाहिल्या.

आता दाखल्याचा नियम पाहा. अनुसूचित जातीसाठी महाराष्ट्रात १० ऑगस्ट १९५० ही तारीख धरतात. त्या दिवशी किंवा त्याआधी आपले कुटुंब इथे राहत होते याचा पुरावा मागतात. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. आता विचार करा. १० ऑगस्ट १९५० ला वर्धा जिल्हा महाराष्ट्रात नव्हताच, कारण महाराष्ट्र नावाचे राज्यच नव्हते. त्या दिवसाचा वर्धेचा जो अस्सल कागद असेल त्यावर मध्यप्रदेश किंवा मध्यप्रांत हेच असणार. महाराष्ट्र छापलेला असेल तर उलट तो कागद संशयाचा!

१९५६ साली राज्ये बदलली तेव्हा अनुसूचित जातींच्या याद्याही नव्या राज्यांप्रमाणे दुरुस्त करण्याचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला. म्हणजे माणसांसोबत त्यांचा हक्क नव्या राज्यात आला होता. पण आदेश गॅझेटात राहतो आणि माणूस खिडकीवर उभा असतो. त्या दोहोंच्या मधले अंतर कोण भरून काढणार?

अठरा दिवस

१९५६ चे साल आपल्या समाजाला वेगळ्या कारणाने पाठ आहे. १४ ऑक्टोबरला नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. वर्धा जिल्ह्यातून रेल्वेने, बैलबंडीने, पायी गेलेली माणसे त्यात होती. त्या दिवशी नागपूर मध्यप्रदेशची राजधानी होते. त्यानंतर बरोबर अठरा दिवसांनी ते राजधानी राहिले नाही. राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालय जबलपूरला गेले.

आमच्या वडिलांच्या पिढीने अठरा दिवसांत धर्म बदललेला पाहिला आणि राज्यही. धर्म त्यांनी स्वतः, समजून-उमजून बदलला. राज्य मात्र त्यांना कोणी विचारून बदलले नव्हते. पण दोन्हींचा परिणाम कागदावर झाला. बौद्ध झाल्यामुळे अनुसूचित जातीच्या केंद्राच्या सवलती गेल्या. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून आपल्या सवलती नवबौद्धांना लागू केल्या, पण केंद्राच्या सवलतींसाठी १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे! त्या काळात रेल्वे, पोस्ट, बँक अशा केंद्राच्या नोकऱ्यांत आपल्या किती मुलांची वये निघून गेली, हे प्रत्येक घराने आपल्याच घरात मोजून पाहावे.

जमेची बाजू

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. खतावणीला दोन बाजू असतात हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले. तेव्हा आधी जमा.

मराठी राज्यात आलो, राज्यकारभार आपल्या भाषेत झाला. मध्यप्रदेशात मराठी आणि हिंदी दोन्ही राजभाषा होत्या हे खरे, पण पुढच्या पिढ्यांना वरपर्यंतचा कारभार मराठीतच मिळाला तो इथे. नवबौद्धांना राज्याच्या सवलती मिळाल्या त्या इथे. दुष्काळाच्या काळात सुरू झालेली आणि १९७७ च्या कायद्याने हक्क बनलेली रोजगार हमी मिळाली ती इथे. पुढे २००५ साली देशाने जो रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्या आधी आपल्या आयाबहिणींनी या राज्यात माती उपसून मजुरी घेतली होती. ही जमा लहान नाही, आणि ती विसरून बोलणे बरोबर नाही.

काही जुन्या गोष्टी सोबतही आल्या. राज्य बदलले तरी जुने कायदे ज्या त्या मुलखात चालू राहतील अशी सोय १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात होती. म्हणून सी. पी. अँड बेरारचा १९४९ चा घरभाडे नियंत्रण आदेश विदर्भात पार ३१ मार्च २००० पर्यंत चालला. घरमालकाला भाडेकरूस नोटीस देण्याआधी भाडे नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे, ती याच आदेशाने. ते राज्य जाऊन चव्वेचाळीस वर्षे झाली तरी त्याचा आदेश गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर राखत होता. आजही आपल्याकडे तलाठ्याला पटवारीच म्हणतात, तेही त्याच राज्याचे शिल्लक नाणे.

खर्चाची बाजू

आता नावे. वर्धेहून नागपूर रेल्वेने ऐंशी किलोमीटरच्या आत. मुंबई साडेसातशेच्या वर. ज्याचे काम सचिवालयात अडले, तो सकाळी भाकर बांधून निघून रात्री घरी येत होता. १९५६ नंतर त्याला दोन रात्री गाडीत, एक दिवस फुटपाथवर आणि ओळखीच्या माणसाची चाळ शोधणे आले. मालदाराला फरक पडला नाही, त्याचा वकील जातो. फरक पडला तो बडतर्फ शिपायाला, जमिनीच्या पट्ट्यासाठी अर्ज केलेल्या भूमिहीनाला, विधवेला. सरकार लांब गेले की गरिबाच्या अर्जाला दलालाचे पाय लागतात, हा आमचा नोकरीतला अनुभव आहे.

सरकारी नोकरांची वाटणी झाली. कोण मध्यप्रदेशात राहणार, कोण मुंबई राज्यात येणार, याच्या याद्या लागल्या. नव्या राज्यात आलेल्याची जुनी सेवा कुठे धरायची, कोण कोणाला ज्येष्ठ, याचे वाद पुढे कित्येक वर्षे चालले. पुनर्रचना कायद्यात कर्मचाऱ्याच्या सेवाशर्ती केंद्राच्या पूर्वमंजुरीवाचून त्याच्या तोट्याच्या होऊ नयेत असे कलम होते. कलम होते म्हणून निदान भांडता तरी आले. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कापसाचे पाहा. १९७१ च्या कायद्याने राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि १९७२ च्या हंगामापासून कास्तकाराने कापूस सरकारलाच द्यायचा असे ठरले. राज्याची सीमा ही कापसाची सीमा झाली. तिकडे पांढुर्णा-सौंसरला भाव जास्त असला की रात्री गाड्या तिकडे निघत, इकडचा हमीभाव चढा असला की तिकडचा माल इकडे येई. जो माल १९५६ च्या आधी एकाच राज्यात उघड्या बाजारात फिरत होता, तोच आता चोरटा ठरला. गाडीभाडे आणि लाच परवडणाऱ्याने फायदा घेतला. दोन-चार एकरवाला चुकाऱ्याची वाट पाहत बसला, आणि तो बसला की वेचणाऱ्या बाईची मजुरी थकली. २००२ च्या सुमारास खाजगी खरेदी खुली झाली आणि हा एकाधिकार संपला. पण राज्याची रेघ कापसाच्या गाठोड्यातून कशी जाते ते तीस वर्षे आपल्या जिल्ह्याने पाहिले.

करार होता, पण कसा?

विदर्भ महाराष्ट्रात रिकाम्या हाताने आला नाही. २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, प्रमाणात सरकारी नोकऱ्या, प्रमाणात तांत्रिक शिक्षणाच्या जागा, उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपूरला, दरवर्षी विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपूरला. मोठमोठ्या पुढाऱ्यांनी सह्या केल्या.

यातले खंडपीठ मिळाले, अधिवेशन मिळाले. कारण या गोष्टी डोळ्यांना दिसतात, त्या टाळता येत नाहीत. निधी आणि नोकऱ्या मात्र खतावणीतच दिसतात, आणि खतावणी कोणी उघडून दाखवली नाही. राज्य सरकारने नेमलेल्या प्रा. वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने १९८४ साली पहिल्यांदा आकडे मांडले. साऱ्या राज्याचा विकासाचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी, त्यात एकट्या विदर्भाचा सुमारे १,२४६ कोटी. प्रांत जोडून चोवीस वर्षे झाल्यावर हा हिशेब निघाला!

राज्यघटनेच्या ३७१ व्या कलमात विकास मंडळांची तरतूद १९५६ सालीच आली होती. मंडळ प्रत्यक्षात आले १९९४ ला, अडतीस वर्षांनी. त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. दुकानदाराच्या भाषेत सांगायचे तर उधारी मान्य झाली, वही घातली गेली, पण वसुलीला माणूसच राहिला नाही.

माहेर एका राज्यात, सासर दुसऱ्या

पैशाचा अनुशेष निदान मोजता येतो. नात्यांचा कसा मोजणार? बालाघाट, छिंदवाडा, बैतूल या भागात मराठी बोलणारे आपले बौद्ध बांधव मोठ्या संख्येने आहेत. सोयरिकी चालू आहेत, लग्ने होतात, बाबासाहेबांच्या जयंतीला येणेजाणे असते. पण सौंसरकडची मुलगी वर्धेला सून म्हणून आली की तिचा माहेरचा जातीचा दाखला इथल्या राज्याच्या नोकरीतल्या आरक्षणाला चालत नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्याला तिथल्या राज्याचे आरक्षण मिळत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली दिला आणि २०१८ साली तोच कायम केला. मुलगी तीच, जात तीच, भोगलेले तेच. फक्त मधून १९५६ ची रेघ गेली.

२००४ सालच्या एका प्रकरणात, छिंदवाड्याकडून चंद्रपूरला आलेल्या अनुसूचित जमातीच्या एका कर्मचाऱ्याबाबत, हे दोन्ही भाग १९५६ पूर्वी एकाच राज्यात होते ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने विचारात घेण्याजोगी मानली. पण एका माणसाने दिल्लीपर्यंत जाऊन मिळवलेली गोष्ट शंभर सुनांच्या कामी आपोआप येत नाही.

साहेबांच्या देशातही तेच

हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. ब्रिटन १९७३ पासून युरोपच्या संघात होते. २३ जून २०१६ ला तिथे मतदान घेतले. प्रश्न एकच, राहायचे की निघायचे? ५१.९ टक्के म्हणाले निघू, ४८.१ टक्के म्हणाले राहू. दुसऱ्याच दिवशी पौंड डॉलरपुढे तीस वर्षांत नव्हता इतका घसरला. प्रत्यक्ष बाहेर पडायला ३१ जानेवारी २०२० उजाडला आणि बाजारपेठेतून निघायला त्या वर्षाचा ३१ डिसेंबर. मत द्यायला एक दिवस, हिशेब मिटवायला साडेचार वर्षे, आणि अजूनही पुरता मिटलेला नाही.

तिथेही मोठ्या कंपन्यांनी कागदपत्रांसाठी माणसे नेमली. लहान व्यापारी, मासळी पाठवणारे, अडले ते जकातीच्या फॉर्मवर. आणि सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे युरोपातून येऊन वीस-वीस, तीस-तीस वर्षे तिथे राबणाऱ्या माणसांना, आम्ही इथेच राहतो, याचा पुरावा देऊन नव्याने अर्ज करावा लागला. मुदत होती ३० जून २०२१. ज्या म्हाताऱ्यांजवळ कागद नव्हते, ज्यांना फॉर्म भरता येत नव्हता, तेच मागे राहिले. वाचकहो, लंडनची ती खिडकी आणि आमच्या मावशींची खिडकी यांत काय फरक आहे?

जवळचेही पाहा. आपल्याच जुन्या प्रांतातला छत्तीसगड १ नोव्हेंबर २००० ला मध्यप्रदेशातून वेगळा झाला. तिथल्या पेन्शनरांची महागाई वाढ दोन्ही राज्यांनी एकमेकांची संमती घेतल्याखेरीज लागू होत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे रखडत आली. २ जून २०१४ ला तेलंगण झाले. दहा वर्षे हैदराबाद दोघांची राजधानी, आणि मालमत्ता व पाणी यांचे वाद त्यापुढेही. वेगळे होणे वाईट असे आमचे म्हणणे नाही. वेगळे होताना वाटणीपत्र अर्धवट लिहिले की ते गरिबाच्या नावे पडते, एवढेच आमचे म्हणणे.

बाबासाहेबांनी काय पाहिले

१९५५ साली फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भ राज्याची शिफारस केली. त्याच वर्षाअखेर बाबासाहेबांनी भाषावार राज्यांवर पुस्तक लिहिले. एका राज्याची भाषा एक असावी, पण एका भाषेचे राज्य एकच असले पाहिजे असे नाही, असे त्यांचे मत. मराठी मुलखाची चार राज्ये त्यांनी सुचवली, आणि पूर्व महाराष्ट्र म्हणजे आपला विदर्भ त्यांत होता.

पण आजकाल सभांमधून एवढेच सांगून थांबतात, पुढचे सांगत नाहीत. बाबासाहेबांनी त्या पुस्तकात नकाशा काढून विषय संपवला नाही. प्रत्येक भाषिक मुलखात एक मोठी जात असते आणि लहान जाती तिच्या आश्रयाने गावाच्या कडेला राहतात, म्हणून राज्य आखताना अल्पसंख्याकांचे संरक्षण कसे होणार हा प्रश्न त्यांनी पुढे आणला. त्यासाठी त्यांनी उपायही सुचवले, एकाहून अधिक सदस्यांचे मतदारसंघ हा त्यांतला एक. म्हणजे राज्य लहान की मोठे याइतकाच, त्या राज्यात माझ्या माणसाचा हक्क कुठे लिहिला आहे, हा प्रश्न त्यांना महत्त्वाचा होता.

वेगळा विदर्भ हवा की नको, असे आम्हाला पुष्कळ जण विचारतात. आमच्या समाजात दोन्ही बाजूंची माणसे आहेत आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. आम्ही एवढेच म्हणतो की जो कोणी झेंडा घेऊन दारात येईल, त्याला घरात बसवा, पाणी द्या आणि पाच प्रश्न विचारा.

एक, जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० चा पुरावा नव्या राज्यात जशाच्या तसा चालेल, हे कायद्यात लिहिणार काय? दोन, पुण्या-मुंबईत कामाला गेलेल्या आमच्या मुलांचा हक्क कोणत्या राज्यात धरणार? तीन, नोकर आणि पेन्शनर यांची वाटणी कोणत्या तारखेला, कोणत्या कलमाने? चार, विकासाचा पैसा नागपुरातच न थांबता वर्ध्याच्या आणि गडचिरोलीच्या खेड्यापर्यंत जाईल याची वही कोण ठेवणार, आणि ती आम्हाला दाखवणार काय? पाच, भूमिहीनाला काय? आणि जो एकत्र राहा म्हणतो, त्यालाही सोडू नका. त्याला नागपूर कराराची थकबाकी विचारा.

उत्तर तोंडी असेल तर तोंडी आभार माना. लेखी असेल तर सोबत चाला. १९५६ साली नोकरांसाठी कलम होते म्हणून ते भांडू शकले. निधीसाठी नुसता करार होता म्हणून तो राहून गेला. लेखी आणि तोंडी यांतला फरक यापेक्षा स्वस्तात कोणी शिकवणार नाही.

पेटी उघडा

आता घरचे काम. या रविवारी घरातली पत्र्याची पेटी उघडा. आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, जुन्या खसऱ्याची नक्कल, गिरणीचे किंवा रेल्वेचे सेवापुस्तक, जे सापडेल ते वेगळे काढा. घरात नसेल तर गावची जुनी शाळा आणि तहसीलचा अभिलेख कक्ष इथे लेखी अर्ज करून प्रमाणित नक्कल मागा. कागदाला लॅमिनेशन करू नका, गोंद लावू नका. साध्या कागदाच्या पाकिटात ठेवा आणि दोन झेरॉक्स वेगवेगळ्या घरी ठेवा. कागदावर मध्यप्रदेश किंवा मध्यप्रांत दिसले तर घाबरू नका, तीच त्याच्या खरेपणाची खूण आहे. आणि हे काम मुलांच्या परीक्षेनंतर नको, आधी करा. सुनांचेही कागद माहेरून आताच मागवून ठेवा.

मावशींचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. आम्ही अर्ध्या पानाचा अर्ज लिहिला. त्यात नुसत्या तारखा होत्या. १९४९ ला हा जिल्हा कोणत्या प्रांतात, १९५० ला काय नाव झाले, १९५६ ला कुठे आला, १९६० ला काय झाले. शेवटी एक ओळ लिहिली की अर्जदाराचे कुटुंब कुठेही गेलेले नाही, राज्य आले-गेले आहे. आम्ही सोबत गेलो. खिडकी सोडून वरच्या अधिकाऱ्यांकडे कागद ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, दाखल्यावरची तारीख बोटाने दाबून पाहिली आणि शेरा मारला. मुदतीच्या दोन दिवस आधी दाखला हातात पडला.

परत येताना आम्ही सवयीने हिशेब केला. मावशींचे वय पंचाहत्तरीच्या पुढे, त्यांना एस.टी. मोफत. नातीला महिला म्हणून अर्धे तिकीट. पण चार चकरांत मावशींच्या मुलाचे आणि सुनेचे मिळून जे रोज बुडाले त्यांना कोणतीच सवलत नव्हती. १९५६ च्या वाटणीपत्रात ती रक्कम कोणी धरली नव्हती.

मावशींनी तो पिवळा कागद पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला. म्हणाल्या, "भाऊ, आता अजून राज्य बदललं तं हा कागद चालंन ना?"

चालेल, मावशी. पण तेव्हा तो घेऊन तुम्हाला चार चकरा माराव्या लागू नयेत, हे आधीच लिहून घेणे आपल्या सगळ्यांच्या हातात आहे.

जयभीम.